कुत्र्याला समुद्रकिनाऱ्यावर फिरवताना: कुठून, कधी आणि कसं

समुद्र दिसला की बहुतेक कुत्र्यांच्या अंगात वारं भरतं. नाक वर, कान मागे, आणि दोरीला असा हिसका की धरणारा दोन पावलं पुढे ओढला जातो. हा आनंद कुत्र्याला मिळायला हवा, असं मला मनापासून वाटतं. पण सार्वजनिक किनाऱ्यावर ‘कुत्र्यांना मनाई’ अशी पाटी लागते तेव्हा त्यामागची कारणं जवळपास सगळीकडे सारखीच असतात: न उचललेली शी, अनोळखी माणसाच्या अंगावर धावून गेलेला कुत्रा आणि पक्ष्यांमागे मोकळा सोडलेला कुत्रा. ही तिन्ही कारणं दोरी धरणाऱ्याच्या हातातली आहेत.

नियम पाठ करत बसण्यापेक्षा किनारा वाचायला शिकलात तर बरेचसे नियम आपोआप पाळले जातात. किनाऱ्याचे ढोबळ तीन पट्टे धरा. सर्वात वर, झुडपांजवळची आणि वाळूच्या टेकड्यांवरची सुकी, भुसभुशीत वाळू. मध्ये भरतीचं पाणी ओलांडून जातं ती ओली, घट्ट वाळू. आणि मग लाटा. कुत्र्याला फिरवायची जागा मधल्या पट्ट्यात आहे. का, ते पुढे येईलच.

आधी चौकशी, मग पट्टा

घरातून निघण्याआधी तीन गोष्टी कळायला हव्यात. या किनाऱ्यावर कुत्रा चालतो का? चालत असेल तर वर्षभर आणि दिवसभर चालतो, की ठराविक महिने आणि तासच? आणि मोकळा सोडता येतो, की दोरी सक्तीची आहे? उत्तरं स्थानिक प्रशासनाकडे आणि किनाऱ्याच्या प्रवेशाजवळच्या फलकावर मिळतात. एकाच गावाच्या दोन टोकांना वेगळे नियम असू शकतात, म्हणून मागच्या वेळी शेजारच्या किनाऱ्यावर काय होतं यावर जाऊ नका.

नियमांचे प्रकार साधारण ठरलेले असतात. ब्रिटनमध्ये अनेक किनाऱ्यांवर १ मे ते ३० सप्टेंबर या गर्दीच्या काळात कुत्र्यांना बंदी किंवा मर्यादा असते आणि थंडीत त्याच वाळूवर त्यांना मुभा असते. अमेरिकेत सॅन डिएगोच्या ओशन बीचचा एक भाग १९७२ पासून खास मोकळ्या कुत्र्यांसाठी राखलेला आहे. ‘ब्लू फ्लॅग’ हे स्वच्छ किनाऱ्यांना दिलं जाणारं आंतरराष्ट्रीय मानांकन मिळालेल्या किनाऱ्यावर पाळीव प्राण्यांच्या वावरावर कडक नियंत्रण असणं ही मानांकनाचीच एक अट आहे, त्यामुळे निळा झेंडा फडकताना दिसला की कुत्र्यांचा नियम शोधून वाचाच. पक्ष्यांच्या किंवा कासवांच्या विणीच्या काळात किनाऱ्याचा एखादा तुकडा दोर बांधून बंद करतात. तो दोर कुत्र्यालाही लागू असतो.

फलकच नसेल तर? फलक नसणं म्हणजे परवानगी नव्हे. अशा ठिकाणी दोरी लावूनच चाला आणि पोहायच्या, गर्दीच्या जागेपासून लांब राहा. अंध व्यक्तींच्या मार्गदर्शक कुत्र्यांना बहुतेक ठिकाणी बंदीतून सूट असते. त्यांच्याकडे बघून आपल्या कुत्र्याला आत नेऊ नका.

वेळ समुद्राला विचारून ठरवा

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, आणि प्रत्येक दिवशी ही वेळ साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. काल सकाळी सातला रुंद, मोकळी वाळू मिळाली म्हणून आज सातला तशीच मिळेल असं नाही, आणि आठवडाभराने तर त्याच वेळी पाणी पार वर आलेलं असेल. भरतीचं वेळापत्रक पाहा आणि पूर्ण ओहोटीच्या तास-दीड तास आधी वाळूवर उतरा. पाणी मागे हटत असतं, ओली वाळू रुंदावत असते आणि परतायला पुरेसा वेळ हाताशी राहतो.

भरती लागताना निघायचं टाळा. माणसं, मुलं, कुत्री सगळीच अरुंद होत जाणाऱ्या पट्टीत ढकलली जातात, आणि नको त्या भेटी तिथेच होतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण असतं. तेव्हा पाणी एरवीपेक्षा बरंच वर चढतं. कड्याखालच्या किंवा खडकांनी वेढलेल्या छोट्या पुळणीवर अशा दिवशी परतीची वाट बंद होऊ शकते.

दुसरी गोष्ट उन्हाची. तळहाताची मागची बाजू सुक्या वाळूवर टेकवा आणि सात सेकंद तशीच ठेवा. ठेवता आली नाही, तर ती वाळू कुत्र्याच्या पंज्यांसाठीही तापलेली आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतो. पग, बुलडॉग अशा चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना तेही धड जमत नाही. त्यांना फक्त पहाटे किंवा सूर्य कलल्यावर न्या, आणि धावडवू नका.

दोरीचा प्रश्न

मला सगळ्यात जास्त याच विषयावर बोलायचं आहे, कारण किनाऱ्यावरच्या बहुतेक कटकटी दोरी सोडण्याच्या त्या एका क्षणातून सुरू होतात.

रोजच्या चालण्याला दीड-दोन मीटरची साधी दोरी पुरते. किनाऱ्यावर कुत्र्याला थोडी मोकळीक द्यायची असेल तर आठ-दहा मीटरची लांब दोरी घ्या आणि ती गळ्यातल्या पट्ट्याला नव्हे, छातीवरून जाणाऱ्या हार्नेसला अडकवा. कुत्रा दहा मीटर वेगाने धावून दोरीच्या टोकाला पोचला की जो झटका बसतो तो मानेवर बसता कामा नये. बटण दाबून आत-बाहेर होणारी दोरी मात्र इथे नकोच. तिच्या यंत्रात वाळू गेली की ती ऐन वेळी अडकते, आणि तिची बारीक दोरी दुसऱ्याच्या उघड्या पोटरीवरून घसटत गेली तर कातडी सोलवटते.

दोरी कधी सोडायची? नियमाने परवानगी असली तरी त्याआधी एक परीक्षा घ्या. कुत्रा एका हाकेत परत येतो का? घरात येतो, बागेत येतो, हे पुरेसं नाही. समोर दुसरा कुत्रा असताना, मुलं चेंडू खेळत असताना, कोणी वाळूत बसून काहीतरी खात असताना येतो का? तिसऱ्या हाकेला येणारा कुत्रा वाळूवर दोरीतच असावा. पहिली आणि तिसरी हाक यांच्यामध्ये तो शंभर मीटर पार करतो.

हा सराव लांब दोरीवरच होतो. वाळू रिकामी असताना दोरी जमिनीवर सैल सोडा, कुत्रा हुंगण्यात गुंतला की एकदाच, आनंदी आवाजात हाक मारा. तो वळला की दोन पावलं मागे पळा. पळणाऱ्याकडे कुत्रा धावत येतो. पोचला की हातातला त्याचा सर्वात आवडता खाऊ द्या आणि, हे महत्त्वाचं, त्याला पुन्हा मोकळं सोडा. हाक मारली की दरवेळी घरीच जायचं असतं, असं कुत्र्याच्या मनात बसलं तर तो हाकेला यायचं बंद करतो. वळलाच नाही तर दुसरी हाक मारू नका. दोरी हळूहळू गोळा करत त्याच्यापर्यंत जा. रागावू नका. आलेल्या कुत्र्याला उशिरा आला म्हणून ओरडणं म्हणजे पुढच्या वेळी येऊ नको असं शिकवणं.

माजावर आलेली मादी, लसीकरण पूर्ण न झालेलं पिल्लू आणि चावल्याचा इतिहास असलेला कुत्रा यांना गर्दीच्या किनाऱ्यावर आणू नका. शेवटच्याला आणावंच लागलं तर जाळीचं, आतून तोंड उघडता येईल असं मुस्कं घाला, म्हणजे त्याला धापा टाकता येतील. गळ्यात फोन नंबर कोरलेला बिल्ला असावा. फटाक्यांनी किंवा मोठ्या लाटेने बिथरलेला कुत्रा सरळ रेषेत पळत सुटतो आणि किनारा लांबच लांब असतो.

चालायचं ते ओल्या वाळूतून

सुकी वाळू आपल्याला रिकामी दिसते. चिखल्यांसारखे किनाऱ्यावरचे काही पक्षी याच वाळूत एक उथळ खळगा करून अंडी घालतात. ना काड्या, ना आडोसा. अंड्यांचा रंग वाळूचा, त्यावर गडद ठिपके. दोन पावलांवरूनही ती आपल्याला दिसत नाहीत. कुत्र्याला ती दिसण्याची गरजच नसते, त्याला वास येतो. आणि कुत्र्याने काहीही केलं नाही, नुसता जवळून गेला, तरी पक्षी उठतो आणि उन्हात उघडी पडलेली अंडी काही वेळात तापून निकामी होऊ शकतात.

एखादा छोटा पक्षी तुमच्यापुढे एक पंख मोडल्यासारखा लोंबवत, वाळूत फरपटत पळताना दिसला तर थांबा. तो जखमी नसतो. घरट्यापासून किंवा पिल्लांपासून तुम्हाला लांब नेण्यासाठी तो सोंग करत असतो, आणि कुत्रा त्या सोंगाला हमखास भुलतो. दोरी आखडून घ्या, आल्या वाटेने मागे फिरा, पाण्याच्या बाजूने वळसा घाला.

समुद्रकासवांची अंडीही याच वरच्या पट्ट्यात असतात. ऑलिव्ह रिडले मादी एका वेळी साधारण शंभर अंडी वाळूत पुरते आणि ती उबायला ४५ ते ६० दिवस लागतात. कुत्र्याच्या नाकाला आणि पंज्यांना तो खड्डा उकरायला काही मिनिटं पुरतात. विणीच्या हंगामात अशा किनाऱ्यावर रात्री कुत्रा नेऊच नका. अंडी घालायला वर येणारी मादी हालचालीने किंवा उजेडाने बिचकली तर अंडी न घालताच समुद्रात परतते, आणि रात्री बाहेर पडणाऱ्या पिल्लांना पांढऱ्या टॉर्चच्या उजेडाने समुद्राची दिशा कळत नाही.

मग मधला पट्टा. तिथे घरटी नसतात, वाळू थंड आणि घट्ट असते, वयस्क कुत्र्याच्या सांध्यांना भुसभुशीत वाळूपेक्षा ती सोपी जाते. एकच अडचण: ओहोटीला उघडी पडलेली ही वाळू पाणपक्ष्यांचं खाण्याचं ताट असते. दूर कुठे थवा टिपत बसलेला दिसला की कुत्र्याला जवळ घ्या आणि पक्षी माना वर करायच्या आधीच वळसा घ्या. सगळ्यांनी खाणं थांबवून माना वर केल्या, म्हणजे तुम्ही फार जवळ आलात.

पक्ष्यांमागे धावणारा कुत्रा पाहून अनेकांना कौतुक वाटतं. ‘पकडत तर नाही ना!’ असं म्हणतात. पण या थव्यांतले बरेच पक्षी स्थलांतरी असतात. २०२२ मध्ये उपग्रहाचा टॅग लावलेला एक बार-टेल्ड गॉडविट अलास्काहून निघाला आणि कुठेही न उतरता ११ दिवसांत १३,५६० किलोमीटर उडून टास्मानियाला पोचला. अशा प्रवासाला लागणारी चरबी ओहोटीच्या मोजक्या तासांत किडे-शिंपले टिपूनच साठवावी लागते. दर वेळी थवा उठवला की खाण्याचा वेळ जातो आणि साठवलेलं खर्ची पडतं. आपल्यामागून दुसरा कुत्रा येतो, मग तिसरा.

माणसांमधून जाताना

‘काही करत नाही हो तो!’ हे वाक्य किनाऱ्यावर रोज ऐकू येतं. समोरच्याला ते ठाऊक असण्याचा काहीच मार्ग नसतो. लहानपणी कुत्रा चावलेल्या माणसाला तुमचा लॅब्रॅडॉर किती प्रेमळ आहे याच्याशी देणंघेणं नाही. त्याला फक्त अंगावर येणारे तीस किलो दिसतात. म्हणून कुत्रा कोणाजवळही विचारल्याशिवाय जाणार नाही, हा नियम स्वतःला घालून घ्या.

समोरून मूल येत असेल तर दोरी आखडून कुत्र्याला स्वतःच्या पलीकडल्या बाजूला घ्या, म्हणजे मध्ये तुम्ही असाल. मुलाला हात लावायचा असेल तर आधी मोठ्या माणसाची संमती, मग कुत्र्याची: तो स्वतःहून पुढे आला तरच, आणि हात डोक्यावरून नव्हे तर छातीकडून. धावणारे, पतंग उडवणारे आणि चेंडू खेळणारे यांच्याजवळून जाताना कुत्र्याला आधीच थांबवून बसवा. पसरलेल्या चादरी, वाळूचे किल्ले, ओढून ठेवलेल्या होड्या आणि वाळत घातलेली जाळी यांवर नर कुत्रा पाय वर करणारच, म्हणून त्यांच्यापासून दोरीच्या लांबीपेक्षा जास्त अंतर ठेवा.

दुसरा कुत्रा समोरून आला तर नाकासमोर नाक असं सरळ जाऊ नका. किंचित वळून कमानीतून जा आणि दोरी सैल ठेवा. ताणलेली दोरी कुत्र्याची छाती पुढे काढते, आणि तो पवित्रा दुसऱ्या कुत्र्याला धमकी वाटतो.

शी

सर्वात सोपा उपाय किनाऱ्याच्या बाहेरच आहे. वाळूवर उतरण्याआधी पंधरा मिनिटं रस्त्याच्या कडेने फिरवा आणि तिथेच पोट मोकळं होऊ द्या, तिथेच उचला. तरीही वाळूवर झालीच तर पिशवी उलटी करून हातात मोज्यासारखी घाला, शीच्या खालची बोटभर वाळूही सोबत घ्या, मग पिशवी सुलटी करून दोन गाठी मारा. पातळ असेल तर आधी तिच्यावर सुकी वाळू टाका, ओल शोषली गेली की ढेकूळ उचलता येतं. गाठ मारलेली पिशवी वाटेत ‘परतताना घेऊ’ म्हणून ठेवू नका. भरती ती घेऊन जाते.

वाळूत पुरणं तर न उचलण्याइतकंच वाईट. कुत्र्याच्या आतड्यातल्या हुकवर्म या जंताची अंडी उबदार, दमट, सावलीतल्या वाळूत फुटतात आणि काही दिवसांत त्यातून निघालेल्या अळ्या माणसाच्या उघड्या कातडीतून आत शिरू शकतात. पायावर किंवा पाठीवर नागमोडी, प्रचंड खाजणारी लाल रेघ उठते ती यांचीच. म्हणजे पुरल्याने त्या अळ्यांना हवी तशीच जागा मिळते, आणि वर अनवाणी मुलं खेळतात. टॉक्सोकारा या गोल जंताची अंडी तर महिनोन्‌महिने तग धरतात. म्हणून कुत्र्याला नियमित जंताचं औषध देणं हाही किनाऱ्याच्या शिस्तीचाच भाग आहे.

पाणी: प्यायचं आणि पोहायचं

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. तहानलेला कुत्रा ते पितो, आणि लाटेतून चेंडू आणताना तर न पिताही भरपूर पोटात जातं. आधी जुलाब-उलट्या होतात. जास्त गेलं तर तोल जाणं, अंग थरथरणं, झटके, आणि हे जिवावर बेतू शकतं. दर पंधरा-वीस मिनिटांनी सावलीत थांबून वाटीतून गोडं पाणी थोडं थोडं पाजा. पाण्यातला खेळही मध्ये मध्ये थांबवा. कापडी लव असलेल्या चेंडूला वाळू चिकटते आणि कुत्रा ती गिळतो, पोटात गोळा होऊन आतडं तुंबल्याची उदाहरणं आहेत; पाण्यावर तरंगणारं गुळगुळीत रबरी खेळणं बरं.

लाटांना घाबरणाऱ्या कुत्र्याला उचलून पाण्यात टाकू नका. गुडघाभर पाण्यात तुम्ही उभे राहा, त्याला ठरवू दे. आणि कुत्रा ओढीत सापडून आत जाऊ लागला तर त्याच्यामागे उडी घेऊ नका. ब्रिटनची आरएनएलआय ही जीवरक्षक संस्था हेच पुन्हा पुन्हा सांगते, कारण कुत्रा कसाबसा बाहेर येतो आणि मागून गेलेला माणूस अडकतो, असं घडतं. जिथे त्याला सहज वर येता येईल अशा जागी किनाऱ्याने चालत जा, तिथून हाक मारत राहा आणि जीवरक्षकांना बोलवा.

वाळूवर पडलेलं काहीबाही

भरतीरेषेवर वाहून आलेला कचरा आणि मेलेले जीव कुत्र्याला फार ओढतात. ‘सोड’ ही आज्ञा पक्की शिकवा. २००९ मध्ये न्यूझीलंडमधल्या ऑकलंडजवळच्या किनाऱ्यांवर वाहून आलेल्या समुद्री गोगलगायी तोंडात घेऊन कुत्र्यांना विषबाधा झाली, काही दगावलेही. त्या गोगलगायींत टेट्रोडोटॉक्सिन सापडलं. फुगणाऱ्या पफर माशातही तेच विष असतं आणि त्यावर उतारा नाही. मेलेला मासा चघळल्यानंतर कुत्रा लाळ गाळू लागला, पाय लुळे पडू लागले, तर घरी थांबून वाट पाहू नका.

वाळूवर पडलेली जेलीफिश मेलेली असली तरी डंख मारते. कुत्र्याला चिकटलेले तिचे तंतू काडीने काढा, समुद्राच्याच पाण्याने धुवा, चोळू नका. गोड्या पाण्याने उरलेल्या डंखपेशी फुटू शकतात. मासेमारीचा गळ गिळला असेल आणि तोंडातून दोरा लोंबत असेल तर तो ओढू नका, आखूड कापूही नका. तसाच ठेवून डॉक्टरांकडे न्या.

अति धापा, गडद लाल हिरड्या, अडखळती चाल ही उष्माघाताची लक्षणं. तिथेच सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतायला लागा, वारा घाला, मग डॉक्टर गाठा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते.

परत निघताना

गोड्या पाण्याने पूर्ण अंघोळ घाला, पोटाखाली आणि बोटांच्या फटींत जास्त लक्ष द्या. अंगावर मीठ सुकलं की कुत्रा ते चाटत बसतो आणि कातडी खाजते. लोंबत्या कानांच्या जातींचे कान आतून हलक्या हाताने कोरडे करा. पंज्यांच्या गाद्या उलटून बघा: शिंपल्याची चीर, काच, डांबराचा ठिपका. डांबर असेल तर खाण्याचं तेल चोळून काढा, रॉकेल नको. हार्नेसच्या कड्या धुऊन वाळवा, नाहीतर त्या गंजतात. पुढचे एक-दोन दिवस शीमध्ये वाळू दिसली, कुत्रा खात नसेल किंवा पुन्हा पुन्हा कुंथत असेल, तर डॉक्टरांना तो किनाऱ्यावर खेळून आला होता हे आवर्जून सांगा. तपासणी कुठून सुरू करायची ते त्यावरून ठरतं.